लोपुखिनाचा चेहरा आणि त्यावर चढलेली गोष्ट

मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात मारिया इवानोव्ना लोपुखिना हिचे एक व्यक्तिचित्र आहे. व्लादिमीर बोरोविकोव्स्की या चित्रकाराने ते १७९७ साली रंगवले. आकार ७२ बाय ५३.५ सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या भिंतीवर टांगायच्या आरशाएवढा. मराठी वाचकाची या चित्राशी गाठ आजकाल पडलीच तर बहुधा ‘जगातील शापित चित्रे’ अशा मथळ्याखाली पडते. माझीही तशीच पडली. फोनवर आलेल्या एका चित्रफितीत तो चेहरा हळूहळू जवळ येत गेला, मागे घोगरे संगीत वाजत राहिले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या चेहऱ्यात मृत्यूखेरीज दुसरे काही दिसेना. पुढे तेच चित्र एका मोठ्या छपाईत शांतपणे पाहायला मिळाले, तेव्हा आपली किती फसगत झाली होती हे कळले. उमराव घराण्यातल्या स्त्रीचे चित्र पाहताना आपण आधी तिची कहाणी ऐकतो आणि मग ती कहाणी तिच्या चेहऱ्यात शोधत बसतो. हा क्रमच उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. त्यात चित्रकारावर अन्याय होतो, त्या स्त्रीवर होतो, आणि चित्राच्या पार्श्वभूमीला जे धान्य उभे आहे ते पिकवणाऱ्यांवरही होतो.

कहाणी थोडक्यात अशी आहे. मारिया काउंट तोल्स्तोय घराण्यातली. तिचा जन्म १७७९ चा. दरबाराच्या शिकारखात्यातले अधिकारी स्तेपान लोपुखिन यांच्याशी तिचे लग्न झाले. चित्र काढले तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि १८०३ मध्ये ती क्षयाने गेली. संसारात ती सुखी नव्हती असेही सांगितले जाते. एवढ्या भांडवलावर एक वदंता उभी राहिली. तिचे वडील गूढविद्येचे उपासक आणि फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे सभासद होते, त्यांनी मुलीचा आत्मा या चित्रात कोंडला, आणि लग्नाच्या वयाची जी मुलगी या चित्राकडे पाहील ती लवकरच मरेल, अशी ती वदंता. दहाबारा मुली अशा गेल्या असे सांगतात, पण ही वदंता मी जिथे जिथे वाचली तिथे त्यांतल्या एकीचेही नाव मला आढळले नाही.

ही वदंता खोडून काढायला फार विद्वत्ता लागत नाही. चित्र दीर्घकाळ चारचौघांच्या नजरेसमोर नव्हतेच, ते नात्यातल्या घरांत राहिले. मारियाचा भाऊ फ्योदोर तोल्स्तोय हा द्वंद्वयुद्धे आणि जुगार यांसाठी गाजलेला माणूस होता, आणि रशियन अमेरिकेपर्यंत, म्हणजे अलास्काकडच्या रशियन वसाहतींपर्यंत, जाऊन आल्यामुळे लोक त्याला ‘अमेरिकन’ म्हणत. त्याची मुलगी प्रास्कोव्या, म्हणजे मारियाची भाची, हिच्याकडे हे चित्र आले. ती मॉस्कोच्या गव्हर्नरची, पेर्फिल्येव यांची, पत्नी. तिच्या घरी या संग्रहालयाचे संस्थापक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी ते पाहिले आणि १८८० च्या दशकात ते त्यांच्या संग्रहात आले. ज्या बाईच्या घरात हे चित्र वर्षानुवर्षे टांगलेले होते तिने रीतसर संसार केला. म्हणून शापाच्या गोष्टीशी माझे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते त्या गोष्टीच्या सुसंस्कृत धाकट्या बहिणीशी. अनेक चांगले, जाणकार लिहिणारेही या चित्राबद्दल लिहिताना म्हणतात की या तरुणीच्या डोळ्यांत अकाली अंताची चाहूल आहे, हा चेहरा आपले नशीब ओळखून आहे. यात आत्मा कोंडणारा बाप नसतो एवढेच, बाकी तर्क तोच असतो. सहा वर्षांनी येणारा क्षय १७९७ च्या कॅनव्हासवर कोणी रंगवला असेल? मारियाला तो माहीत नव्हता, बोरोविकोव्स्कीला माहीत नव्हता. तो आपल्याला माहीत आहे, आणि आपण तो तिच्या पापण्यांवर ठेवतो.

तेव्हा आधी कहाणी बाजूला ठेवून चित्रच पाहू. एका दगडी कठड्याला कोपर टेकून एक तरुणी किंचित तिरकी उभी आहे. अंगात पांढरा, सैल, कमरेत न आवळलेला पोशाख, त्यावर रुपेरी छटेचा निळा कमरपट्टा, खांद्यावरून घसरलेली फिकट शाल. सैल सोडलेल्या हातात सोन्याचे कडे. केस कुरळे आणि मोकळे आहेत, पण निष्काळजीपणे नाहीत. मोकळे दिसावेत अशा बेताने ते सोडले आहेत. कठड्यावर एक गुलाब मान टाकून पडला आहे. मागे बर्च झाडांची पांढरट खोडे, धुक्यात विरघळल्यासारखी हिरवळ, निळी रानफुले आणि राय नावाच्या गव्हासारख्या धान्याची कणसे. रंगाचा हात इतका पातळ आणि गुळगुळीत आहे की कुंचल्याचे फटकारे शोधावे लागतात. पोशाखाचा निळा पट्टा आणि शेतातली निळी फुले एकमेकांना हाक देतात, शालीचा उतार आणि खांद्याचा उतार एकाच लयीत खाली येतात. अंग झाडासारखे जरासे झुकलेले आहे. बाई आणि बाग यांना चित्रकाराने एकाच श्वासात रंगवले आहे.

यातले किती मारियाचे आणि किती त्या काळाचे, हा खरा प्रश्न आहे. बोरोविकोव्स्कीने त्या दशकात काढलेली इतर स्त्रियांची चित्रे शेजारी ठेवली की उत्तराची दिशा मिळते. कशाला तरी टेकलेला हात, कलते अंग, हलका पांढरा पोशाख, शाल, हातातले किंवा जवळचे फूल अथवा फळ, मागे बाग, हे सगळे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येते. १७९६ मधली येकातेरिना आर्सेन्येवा गवती हॅट घालून, हातात सफरचंद धरून खट्याळ हसते आहे. तिच्या हॅटला चक्क कणसे खोवली आहेत. १७९४ मध्ये त्याने लिझिन्का आणि दाशिन्का या कवी ल्वोव्ह यांच्या घरातल्या दोन दासींनाही अशाच कोवळ्या प्रकाशात रंगवले. त्याच साली त्याने सम्राज्ञी येकातेरिना दुसरी हिलासुद्धा मुकुट आणि राजचिन्हांशिवाय, साध्या कोटात, हातात काठी आणि पायाशी कुत्रा अशी त्सार्स्कोये सेलो या राजनिवासाच्या बागेत फिरताना दाखवले. सम्राज्ञीच जर बागेत फिरणारी वयस्क बाई म्हणून चित्रात येऊ लागली, तर उमरावांच्या सुना-मुलींनी बागेत विसावणे हा त्या काळाचा शिष्टाचार झाला होता हे उघड आहे.

हा शिष्टाचार आकाशातून पडला नव्हता. १७६२ च्या फर्मानाने रशियन सरदारवर्ग सक्तीच्या राज्यसेवेतून मोकळा झाला आणि जहागिरीवरचे घर, बाग, वाचन, फावला वेळ यांना प्रतिष्ठा आली. १७९२ मध्ये लेखक करामझिन यांची ‘बिचारी लिझा’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि हळवेपणा हे सुसंस्कृत मनाचे लक्षण ठरले. त्याआधी वीस वर्षे, १७७२ ते १७७६ या काळात, दिमित्री लेवित्स्कीने स्मोल्नी या उमराव मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनींची सात चित्रे काढली. त्यांतल्या मुली नाचत आहेत, नाटकातली भूमिका करत आहेत, वाद्य वाजवत आहेत. त्यांना काय काय येते ते त्या दाखवत आहेत. मारिया लोपुखिना काहीच करत नाही. काही न करता नुसते असणे, विचारात असणे, हाच आता दाखवायचा गुण झाला होता. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरच्या विषादाला ‘तिचा’ म्हणण्याआधी थांबले पाहिजे. तो विषाद शालीसारखाच अंगावर घेतलेला असू शकतो, आणि मान टाकलेला गुलाब हा तर त्या काळच्या कवितेत पावलोपावली सापडणारा, तारुण्य क्षणिक असते एवढेच सांगणारा संकेत आहे. त्यात ज्योतिष नाही.

एवढ्यावर थांबलो तर मात्र दुसरी चूक होईल. सगळे संकेतच आहेत असे म्हणून हात झटकले की चित्र वाचले जात नाही, त्याचा नुसता कप्पा ठरतो. आणि हे चित्र कप्प्यात मावत नाही. ज्या कोणी ते नीट पाहिले असेल त्याला चेहऱ्याशी येऊन अडखळायला होते, कारण अंगाची ठेवण आणि चेहरा यांचा मेळ बसत नाही. अंग म्हणते मी विसावले आहे, मऊ आहे, बागेचा भाग आहे. डोळे तसे म्हणत नाहीत. पापण्या जड आहेत, पण नजर खाली गेलेली नाही. ती थेट आपल्यावर रोखलेली आहे. ओठांच्या कडेला स्मित आहे की नाही हे ठरवता येत नाही, आणि जे आहे त्यात गोडव्यापेक्षा किंचित उपहासच अधिक आहे. आर्सेन्येवा आपल्याला आवडून घेऊ पाहते. लोपुखिनाला आपण आवडलो की नाही हे ती सांगत नाही. मला तर तिच्या नजरेत असा भाव वाटतो की, तुम्ही पाहून घ्या, मी थांबले आहे, पण तुमच्यासाठी थांबलेली नाही.

हा भाव कुठून आला? त्याचे एक उत्तर घराण्यात आहे. ही मुलगी जन्माने काउंटेस, लहानपणापासून माणसांना हुकूम करण्याची सवय असलेली. समोर उभा असलेला चित्रकार युक्रेनमधल्या मिर्गोरोदचा, कोसॅक कुटुंबातला, घरी आयकॉन, म्हणजे ख्रिस्ती पूजाचित्रे, रंगवण्याची परंपरा असलेला, तिशी उलटल्यावर पीटर्सबर्गला आलेला. तो १७९५ मध्ये तिथल्या कला अकादमीचा सभासद झाला होता, तरी चित्र काढून घेणारी आणि चित्र काढणारा यांच्यातले अंतर काही अकादमीच्या सनदेने मिटत नाही. त्या नजरेत मला हे अंतर दिसते. ज्याला आपण गूढ म्हणतो त्यातला बराचसा भाग साधा वर्गाभिमान असू शकतो. असे म्हटल्याने चित्राची मोहिनी उतरते असे कोणाला वाटेल, मला उलट वाटते. एका अठरा वर्षांच्या मुलीची घमेंड, तिचा कंटाळा, तिची हुशारी आणि तिचे कोवळेपण एकाच चेहऱ्यात पकडणे हे आत्मा कोंडण्यापेक्षा फार अवघड काम आहे. ते बोरोविकोव्स्कीने केले आणि श्रेय शापाला मिळाले.

आता त्या कणसांकडे येऊ. चित्राबद्दलच्या लेखनात राय आणि निळी फुले यांचा उल्लेख ‘रशियन निसर्ग’ म्हणून येतो, मायभूमीची खूण म्हणून येतो. ते खोटे नाही. पण राय हे धान्य रानात उगवत नाही, ते पेरावे लागते, कापावे लागते, आणि १७९७ च्या रशियात ते पेरणारे-कापणारे बहुसंख्य हात भूदासांचे, म्हणजे जमिनीसकट मालकाच्या ताब्यात असलेल्या माणसांचे, किंवा सरकारी जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांचे होते. योगायोग असा की ज्या वर्षी हे चित्र झाले त्याच वर्षी, ५ एप्रिलला, आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी सम्राट पावेल पहिला याने एक जाहीरनामा काढला. रविवारी भूदासांना कामाला जुंपू नये असा त्यात हुकूम होता आणि आठवड्यातले तीन दिवस मालकाच्या शेतावर, तीन दिवस स्वतःच्या, अशी वाटणी सुचवली होती. अंमल फारसा झाला नाही. पण असा जाहीरनामा काढावा लागला यावरूनच मालकाची वेठ आठवड्याचे किती दिवस खात होती याचा अंदाज येतो. त्या पार्श्वभूमीवर ही कणसे पाहा. ती शेतात नाहीत, बागेत आहेत, फुलांच्या शेजारी, शोभेला. धान्य आहे, पण धान्याशी जोडलेले कोणी माणूस नाही. मारियाच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा त्या कणसांनी विकत घेतलेला आहे. हे मी मारियाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने ही व्यवस्था उभी केलेली नव्हती. पण जो अन्वय तिच्या अकाली मृत्यूवर पानेच्या पाने खर्च करतो आणि त्या कणसांना एक वाक्यही देत नाही, तो अपुरा आहे. सुंदर तरुण उमराव स्त्रीचे दुःख आपल्याला चटकन दिसते, आणि ते नसले तरी आपण ते कल्पून घेतो. ज्यांचे दुःख प्रत्यक्ष होते ते चित्राच्या चौकटीबाहेर राहतात.

चेहऱ्यावर गोष्ट चढवण्याचा हा प्रकार एकट्या लोपुखिनाच्या वाट्याला आला असेही नाही. इवान क्राम्स्कोय यांची ‘अनोळखी स्त्री’ १८८३ सालची. पीटर्सबर्गच्या नेव्स्की रस्त्यावर, आनिच्कोव्ह राजवाड्याजवळ, उघड्या गाडीत बसलेली, पिसांची टोपी आणि फरची किनार असलेला कोट घातलेली एक स्त्री आपल्याकडे वरून पाहते आहे. क्राम्स्कोय यांनी तिचे नाव सांगितले नाही. तिचे कपडे फार ताज्या फॅशनचे आहेत, खानदानी स्त्री इतकी नटत नाही आणि एकटी अशी बसत नाही, असा हिशेब करून त्या काळच्या टीकाकारांनी तिला बाजारबसवी ठरवून टाकले. स्तासोव्ह यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकाने तिला ‘गाडीतली कोकोत’ म्हटले, म्हणजे श्रीमंतांनी ठेवलेली बाई. त्रेत्याकोव्ह यांनी चित्र घेतले नाही. ते त्यांच्या संग्रहालयात आले ते १९२५ मध्ये. पुढच्या पिढ्यांनी तिला उलट दिशेने ओढले आणि ती लेखक लेव तोल्स्तोय यांच्या कादंबरीतली आन्ना कारेनिना झाली. त्या कादंबरीच्या कितीतरी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर हाच चेहरा आहे. कादंबरी लिहिली जात असताना, १८७३ मध्ये, क्राम्स्कोय यांनी तोल्स्तोय यांचे चित्र काढले होते एवढा दुवा खरा, पण गाडीतली स्त्री आन्ना आहे याला त्याने पुरावा मिळत नाही. एकाच नजरेला एका पिढीने निर्लज्जपणा म्हटले आणि दुसरीने शोकांतिका. ती नजर खाली करत नाही, एवढेच काय ते कॅनव्हासवर आहे. डोळ्याला डोळा देणाऱ्या स्त्रीला एक तर बदनाम करायचे नाही तर तिची कीव करायची, ही सवय त्या चित्राने उघडी पाडली आहे, आणि लोपुखिनाच्या बाबतीत आपण कीव निवडली.

यावर एक आक्षेप योग्यपणे घेतला जाईल. माणसाचे चरित्र माहीत असताना ते विसरून त्याच्या चित्राकडे पाहणे शक्य आहे का, आणि इष्ट तरी आहे का? याकोव्ह पोलोन्स्की या कवीने १८८५ मध्ये या चित्रावर छोटी कविता लिहिली. ती केव्हाच गेली, ते डोळे आणि ते स्मित आता नाही, पण तिचे सौंदर्य बोरोविकोव्स्कीने वाचवले, असा तिचा आशय आहे. ती कविता मला आवडते. तिच्यात मृत्यू आहे, पण तो चित्रानंतर येतो, काळाच्या ओघात जसा येतो तसा, आणि चित्रकाराचे नाव त्या कवितेत आहे हे मला फार मोलाचे वाटते. म्हणजे चरित्र नको असे माझे म्हणणे नाही. चरित्र मागाहून यावे, आणि आले की त्याने सगळी खोली व्यापू नये. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला. तोवर, आणि नंतरही, हा रोग नाजूक, बुद्धिमान, सुंदर माणसांना होतो अशी एक रम्य समजूत युरोपात होती. लोपुखिनाच्या चेहऱ्यातला ‘क्षय’ या समजुतीतून आला आहे. चित्रातल्या तरुणीचे गाल भरलेले आहेत आणि त्यांवर चांगला रंग आहे.

ज्यांना १८०३ चा क्षय खरोखरच चित्रात पाहायचा असेल त्यांनी दुसऱ्या एका चित्राकडे जावे. प्रास्कोव्या कोवाल्योवा ही शेरेमेत्येव जहागिरीतल्या भूदास लोहाराची मुलगी, जन्म १७६८ चा. काउंट निकोलाय शेरेमेत्येव यांच्या कुस्कोवो आणि ओस्तान्किनो इथल्या रंगमंचांवर ती ‘झेम्चुगोवा’, म्हणजे मोत्याची, या नावाने गायली आणि आपल्या काळातली थोर गायिका ठरली. १७९८ मध्ये तिला गुलामगिरीतून मुक्ती मिळाली, १८०१ मध्ये काउंटने तिच्याशी गुपचूप लग्न केले आणि ती काउंटेस झाली. १८०३ च्या फेब्रुवारीत, मुलगा जन्मून तीन आठवडे होतात न होतात तोच, ती क्षयाने गेली. मारिया लोपुखिनाचेही वर्ष तेच. निकोलाय आर्गुनोव्ह याने तिची चित्रे काढली, आणि हा चित्रकार तेव्हा स्वतः शेरेमेत्येव यांचा भूदास होता. काउंट १८०९ मध्ये वारले त्यानंतरही काही वर्षे तो भूदासच राहिला. त्याचे एक चित्र तिच्या अखेरच्या काळातले आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या घरगुती झग्यात, पूर्ण दिवसांची, ती उभी आहे. मागे बाग नाही, कणसे नाहीत, गुलाब नाही. चेहरा ओढलेला आणि फिकट आहे, डोळे मोठे झाले आहेत. गुलामाने रंगवलेली, गुलामीतून वर आलेली ही उमराव स्त्री नेमकी काय वाटून आपल्याकडे पाहते आहे हे मी अनेकदा शोधले आहे. शापित चित्रांच्या कोणत्याही यादीत हे चित्र मी पाहिलेले नाही.

मराठीत रशियन चित्रांवर जे कोणी लिहितात, चित्रफिती करतात, वर्गात मुलांना दाखवतात, त्यांना माझी विनंती आहे की ही दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवावीत आणि पहिली पाच मिनिटे काही सांगू नये. मुले काय म्हणतात ते ऐकावे. एक बाई आरामात आहे आणि दुसरी आजारी आहे हे त्यांना न सांगता कळेल. मग कणसे कोणाची, हे त्यांना विचारावे.